कुत्र्याचा पिंजरा

जगबुडी नदीच्या काठी वसलेले खेड शहर मागे टाकून पूर्वेकडे, रसाळगड आणि सुमारगड या दुर्गांच्या दिशेने निघाले, म्हणजे वाटेत लहान लहान वाड्या लागतात. लाल मातीची पाखाडी, दोन्ही बाजूंस जांभ्या दगडांचे गडगे आणि गडग्याआड कौलारू घर. माणूस ओळखीचा असो वा परका, फाटकाशी पाऊल वाजले की घरातील मंडळींच्या आधी त्याची दखल घेतो तो खळ्यातील कुत्रा. त्याचे नाव बहुधा मोत्या किंवा वाघ्या असते. भाताची पेज, शिळी भाकरी आणि माशांची डोकी हे त्याचे अन्न. पडवीच्या कोपऱ्यातील गोणपाट हे त्याचे अंथरूण. आणि रात्रभर घर राखणे हे त्याचे काम.

गेल्या काही वर्षांत खेडमध्ये दुसऱ्या प्रकारचा कुत्राही दिसू लागला आहे. शहरात उंच इमारती उभ्या राहिल्या. लोटे येथील औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारी कुटुंबे अशा इमारतींतून राहू लागली. मुलांच्या हट्टापायी मुंबईहून किंवा पुण्याहून लॅब्रॅडोरसारख्या जातीची गुबगुबीत पिल्ले या घरांत येतात. पिल्लाबरोबर पुष्कळदा आणखी एक वस्तू येते. ती म्हणजे लोखंडी तारांचा, घडी घालून ठेवता येणारा पिंजरा.

अशा घरात आजी आणि नातू यांचा वाद ठरलेलाच.

“अरे, त्याने कुणाची चोरी केली म्हणून त्याला कोठडीत घातलेस?” आजी विचारते.

“आजी, ही शिक्षा नव्हे. हे वळण आहे. पिंजरा म्हणजे त्याची खोली आहे,” नातू पुस्तकात वाचलेले सांगतो.

“खोलीला कडी आतून असते रे बाळा, बाहेरून नसते.”

यावर नातू क्षणभर गप्प होतो. परंतु मग त्याला गावच्या घराची आठवण होते. तो म्हणतो, “आणि आपला मोत्या? तो तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत साखळीला असतो. त्याची कडी कुठे आहे?”

आता गप्प बसण्याची पाळी आजीची असते.

दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. म्हणूनच पिंजरा चांगला की वाईट, हा प्रश्न एका शब्दात निकालात काढण्यासारखा नाही. त्यासाठी आधी पिंजऱ्याचे वळण म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे.

कुत्र्याचे पिल्लू आपण झोपतो ती जागा शक्यतो घाण करीत नाही. आईच्या कुशीत असतानाच हा गुण त्याच्या अंगी येऊ लागतो. या गुणाचा उपयोग करून घेण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत चांगलीच रुळली आणि तेथून ती इतर देशांत पसरली. पिल्लाला उभे राहता येईल, वळता येईल आणि पाय पसरून निजता येईल एवढा पिंजरा घ्यावयाचा. त्यात मऊ अंथरूण घालावयाचे. ज्या वेळी पिल्लाकडे लक्ष देणे शक्य नसेल, तेवढा वेळ त्याला आत ठेवावयाचे, आणि बाहेर काढताच थेट अंगणात न्यावयाचे. तेथे त्याने विधी उरकला की शाबासकी द्यावयाची. असे काही आठवडे केले म्हणजे बाहेर जाण्याची वेळ आणि जागा पिल्लाच्या ध्यानात राहते. शिवाय विजेच्या तारा, औषधाच्या गोळ्या, चपला, वह्या असल्या वस्तू त्याच्या दातांपासून वाचतात. किंबहुना त्या वस्तूंपासून पिल्लूच वाचते.

येथवर या पद्धतीत निर्दयपणा काहीच नाही. लहान मूलही पाळण्यात असतेच. परंतु पाळण्यातले मूल रडू लागले की घरातील कोणीतरी हातातले काम टाकून धावते. पिंजऱ्यातील पिल्लू कुईकुई करू लागले की कोणी धावते काय, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

पिंजऱ्याचे समर्थक आणखी एक गोष्ट सांगतात. ते म्हणतात, कुत्रा हा लांडग्याचा वंशज; लांडगा गुहेत राहतो; म्हणून कुत्र्याला अरुंद जागा स्वभावतःच आवडते. ऐकावयास हे ठीक वाटते, परंतु ते अर्धेच खरे आहे. सोलापूर, पुणे या जिल्ह्यांतील माळरानांवर आजही लांडगे आहेत. त्यांची मादी बिळात किंवा कपारीत पिल्लांना जन्म देते, हे खरे. पण ती जागा असते तान्ह्या पिल्लांसाठी. दोन-अडीच महिन्यांची होताच पिल्ले ती जागा सोडतात. मोठे लांडगे उघड्यावर झोपतात आणि एकेका रात्रीत कित्येक कोस भटकतात. सह्याद्रीच्या रानांतील कोळसुंद्यांचीही रीत याहून फारशी वेगळी नाही. शिवाय बिळाला दार नसते. ज्याला आत जावेसे वाटेल तो जातो आणि बाहेर यावेसे वाटेल तो येतो. तेव्हा मोठ्या कुत्र्याला दिवसभर कोंडून ठेवावयाचे आणि वर ‘त्याला ते आवडते’ असे म्हणावयाचे, हे लांडग्याच्या नावावर आपली सोय खपविणे होय.

शेपटीवाल्या मुक्या प्राण्याला जागा किती कमी पुरते, याची कसोटी माणसाने एकदा फार कठोरपणे पाहिली आहे. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने ‘स्पुटनिक २’ हा उपग्रह अंतराळात सोडला. त्यात लायका नावाची कुत्री होती. ती मॉस्कोच्या रस्त्यांवर भटकणारी साधी कुत्री होती. उपग्रहातील कोठडी इतकी लहान होती की तीत तिला बसता येई, उभे राहता येई, आडवे होता येई. परंतु मागे वळता येत नसे. या कोठडीची सवय व्हावी म्हणून लायकाला आणि तिच्या सोबतच्या कुत्र्यांना उड्डाणापूर्वी एकाहून एक लहान पिंजऱ्यांत ठेवण्यात आले. हा काळ वीस दिवसांपर्यंतचा असे. त्या कुत्र्यांनी भिंतींना धडका दिल्या, असे काही नाही. ती शिकविलेली, शांत कुत्री होती. पण त्यांचे मलमूत्रविसर्जन थांबले, ती अस्वस्थ होऊ लागली आणि त्यांची प्रकृती ढासळली. त्या प्रयोगांतील एक शास्त्रज्ञ व्लादिमिर याझदोव्स्की यांनी उड्डाणापूर्वी एके दिवशी लायकाला आपल्या घरी नेले आणि मुलांबरोबर मोकळेपणी खेळू दिले. ती परत येणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. उड्डाणानंतर काही तासांतच, कोठडीतील उष्णता वाढून लायका मरण पावली. ही हकीकत जगाला कळण्यास २००२ साल उजाडावे लागले.

लायकाचा प्रसंग अपवादात्मक आहे. घरातील पिंजरा म्हणजे अंतराळयान नव्हे. तथापि त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. कुत्रा गप्प आहे म्हणून तो सुखी आहे, असे समजू नये. प्रथम तो भुंकतो, गज चावतो, पंजाने दार ओरबाडतो. काही दिवसांनी हे सारे थांबते. तेव्हा मालक समाधानाने म्हणतो, “लागली हो सवय!” ती सवय असेल किंवा ती केवळ निराशाही असेल. या दोहोंतील फरक ओळखण्याची एक सोपी रीत आहे. पिंजऱ्याचे दार सताड उघडे ठेवावे आणि दूर जाऊन बसावे. दुपारच्या वामकुक्षीसाठी कुत्रा आपणहून आत जाऊन पसरला, तर त्याला ती जागा आपली वाटते. हाक मारूनही तो आत जात नसेल, शेपूट पायांत घालून मागे सरत असेल, तर त्याचे म्हणणे त्याने सांगितलेले आहे.

आता आजीच्या मोत्याकडे वळू. आपल्याकडे पिंजऱ्याला नाके मुरडणारी पुष्कळ माणसे साखळीविषयी मात्र अवाक्षर काढीत नाहीत. सवय हेच त्याचे कारण. लहानपणापासून पाहिलेली गोष्ट डोळ्यांना खुपत नाही. वस्तुतः पाच-सहा हात साखळीच्या टोकाशी उभे आयुष्य काढणाऱ्या कुत्र्याचे जग पिंजऱ्यातील कुत्र्याच्या जगापेक्षा फारसे मोठे नसते. त्याच्या पायांखाली माती खरवडून एक गोल वाटोळे पडलेले असते. तेवढाच त्याचा गाव. ऊन सरकत आले तरी त्याला सावलीकडे सरकता येत नाही. पाण्याचे भांडे कलंडले तर संध्याकाळपर्यंत घसा कोरडा. गोठ्यातील गुरेसुद्धा सकाळी दावे सोडून चरावयास जातात. खुराड्यातील कोंबड्या उजाडताच परसात पसरतात. ज्याला आपण घरचा म्हणतो, तो कुत्रा तेवढा दिवस उगवला तरी बांधलेलाच!

कोकणच्या हवेत तर हे बांधणे अधिकच जाचक होते. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना तेवढा थोडासा येतो. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच अंग थंड करण्याचा त्याचा मुख्य उपाय. तोंडातील ओल हवेत उडून जाते आणि त्याबरोबर उष्णता जाते. पण वैशाखात खेडची हवा इतकी दमट असते की ओल लवकर उडतच नाही. अशा वेळी पत्र्याच्या छपराखाली किंवा पश्चिमेच्या गच्चीत ठेवलेला पिंजरा, आणि भर उन्हातली साखळी, या दोन्ही गोष्टी कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात.

पावसाळ्याची गोष्ट निराळीच. २२ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीने जगबुडीला महापूर आला आणि खेडच्या बाजारपेठेत पाणी शिरले. अशा दिवशी माणसे जीव वाचविण्याच्या धांदलीत असतात. मोकळा कुत्रा पोहून किंवा जिन्यावर चढून आपला मार्ग काढतो. बांधलेला आणि कोंडलेला मात्र आपण परत येण्याची वाट पाहत पाण्यात उभा राहतो. नदीकाठी राहणाऱ्या घरांत, पूर येण्याची चिन्हे दिसताच साखळी आणि कडी काढण्याचे काम कोणाकडे, हे आधी ठरलेले असावे. हे काम अकरा-बारा वर्षांच्या मुलालाही सहज जमण्यासारखे आहे.

मग पिंजरा सर्वस्वी टाकूनच द्यावा काय? तसेही म्हणता येत नाही. काही प्रसंगी तोच कुत्र्याचा रक्षक ठरतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी बिबट्याचा वावर आहे. अकोले तालुक्यात संशोधकांनी केलेल्या अभ्यासात, मनुष्यवस्तीजवळ राहणाऱ्या बिबट्याचे सर्वांत मोठे भक्ष्य पाळीव कुत्रा हेच असल्याचे आढळून आले. अशा भागात रात्री कुत्र्याला मजबूत दाराच्या पडवीत किंवा भक्कम पिंजऱ्यात ठेवणे ही दया आहे, आणि त्याला उघड्या खळ्यात साखळीने बांधून ठेवणे ही दोन्हीकडून फसवणूक आहे. कारण त्याला लढताही येत नाही आणि पळताही येत नाही. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याने टाके तोडू नयेत म्हणून पशुवैद्य काही दिवस त्याला लहान जागेत ठेवावयास सांगतात, तेही योग्यच. दिवाळीच्या फटाक्यांनी किंवा शिमग्याच्या ढोलांनी भेदरलेला कुत्रा पलंगाखाली दडतो. त्याला चादर टाकलेला, दार उघडे असलेला पिंजरा मिळाला, तर तो तेथे अधिक निर्धास्त होतो.

प्रवासाचा प्रसंग तर नेहमीचाच. चाकरमानी गणपतीला गावी येतात, तेव्हा घरच्या कुत्र्याला कोणावर सोपवावे, हा प्रश्न पडतो. आगगाडीने न्यावयाचे झाल्यास, पहिल्या वर्गाचा स्वतंत्र डबा राखून ठेवलेला नसेल तर कुत्र्याला गार्डाच्या डब्यातील पेटीत बसावे लागते. जन्मात कधी बंद जागा न पाहिलेल्या कुत्र्याला गाडीच्या खडखडाटात, बोगद्यांच्या अंधारात एकाएकी पेटीत ढकलले, म्हणजे मुंबई ते खेड हा प्रवास त्याला काळ वाटावा यात नवल नाही. लहानपणी ज्याला पिंजऱ्याची ओळख प्रेमाने करून दिली आहे, तो कुत्रा अशा वेळी शांतपणे निजून राहतो. पिंजऱ्याच्या वळणाच्या बाजूने देण्यासारखे सर्वांत भक्कम कारण हेच आहे.

वाद उरतो तो रोजच्या कोंडण्याचा. वडील सकाळच्या पाळीला गेले, आई कचेरीत गेली, मुले शाळेत गेली. आणि कुत्रा सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत पिंजऱ्यात. रात्री पुन्हा निजानीज झाली की पिंजऱ्यात. चोवीस तासांतील अठरा तास अशा रीतीने गेल्यावर ‘आम्ही कुत्रा पाळला आहे’ असे म्हणण्यास कितपत अर्थ उरतो? दोन महिन्यांच्या पिल्लाला जागेपणी दोन तासांहून अधिक वेळ लघवी रोखता येत नाही. चार महिन्यांच्या पिल्लाला चार तास म्हणजे पुष्कळ झाले. त्याहून अधिक वेळ कोंडले की ते नाइलाजाने अंथरुणातच घाण करते, आणि ज्या स्वच्छतेच्या उपजत गुणावर ही सारी पद्धत उभी आहे, तो गुणच नाहीसा होतो. म्हणजे दहा तासांचा पिंजरा निर्दय तर आहेच, शिवाय तो मूर्खपणाचाही आहे. त्याला वळण लावणे म्हणता येणार नाही. कारण त्या दहा तासांत शिकविणारा घरातच नसतो. ज्या घरात दिवसभर कोणी नसते, त्या घराने शेजारच्या काकूंकडे किल्ली द्यावी, दुपारी कोणाला तरी घरी येऊन त्याला फिरविण्यास सांगावे, किंवा सरळ कुत्रा पाळण्याचा बेत पुढे ढकलावा. मुलाच्या हट्टाला हे उत्तर कडू लागेल. परंतु हट्ट मुलाचा आणि शिक्षा पिल्लाला, हा न्याय त्याहून वाईट.

आपल्या देशाच्या कायद्याने या बाबतीत फार पूर्वीच आपले मत दिले आहे. प्रख्यात नर्तकी रुक्मिणीदेवी अरुंडेल या १९५२ साली राज्यसभेच्या सदस्य झाल्या, आणि मुक्या प्राण्यांना क्रूरतेपासून संरक्षण मिळावे म्हणून त्यांनी तेथे विधेयक मांडले. पुढे सरकारने स्वतःच त्या विषयावर कायदा करण्याचे मान्य केले आणि १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम संमत झाला. त्याच्या अकराव्या कलमात क्रूरतेचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत हालचालीस पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणे हा एक आहे. फार आखूड किंवा फार जड साखळीने त्याला अवाजवी काळ बांधून ठेवणे हा दुसरा. आणि नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला फिरविण्याची हयगय करणे हा तिसरा. कायदा करणाऱ्यांनी येथे कुत्र्याचा उल्लेख मुद्दाम नाव घेऊन केला आहे. मात्र पहिल्या गुन्ह्याला त्यांनी ठरविलेला दंड दहा ते पन्नास रुपये एवढाच होता. त्या काळी ती रक्कम थोडीबहुत जाणवत असेल. आज पन्नास रुपयांत कुत्र्याचा साधा गळपट्टाही मिळणे कठीण. त्यामुळे आजी आणि नातू यांच्या वादाचा निकाल न्यायालयात लागेल, अशी आशा करण्यात अर्थ नाही. तो घरातच लागावयास हवा.

परदेशांतही या विषयावर एकमत नाही. अमेरिकेतील असंख्य घरांत पिंजरा ही नित्याची वस्तू आहे. उलट स्वीडन आणि फिनलंड या देशांत घरी कुत्र्याला पिंजऱ्यात कोंडून ठेवण्यास कायद्याने मनाई आहे. प्रवास, आजारपण अशा तात्पुरत्या कारणांपुरती सूट आहे. स्वीडनमध्ये तर दिवसा निदान दर सहा तासांनी कुत्र्याला बाहेर नेण्याचा नियम आहे. तेथील पिल्ले घरात घाण करीत राहतात काय? मुळीच नाही. तेथील माणसे पिल्लाला झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर आठवणीने बाहेर नेतात, आणि पिल्ले शिकतात. यावरून पिंजऱ्यावाचून कुत्र्याला वळण लागत नाही, ही समजूत खोटी ठरते. पिंजरा शिकविण्याचे एक साधन आहे. शिकविणारा माणूसच असावा लागतो.

ज्या घरात पिंजरा आणलेलाच आहे, तेथे त्याचा उपयोग नीट व्हावा. पहिले काही दिवस दार लावूच नये. अन्नाचे ताट आत ठेवावे, आवडते चेंडू-खेळणे आत टाकावे. पिल्लाने आपणहून जावे, खावे, बाहेर यावे. मग जेवतानाच दार लोटावे आणि जेवण संपताच उघडावे. पुढे पाच मिनिटे, मग दहा मिनिटे. त्या वेळी घरातील कोणीतरी जवळच बसलेले असावे. रात्री पिंजरा माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात न ठेवता आपल्या अंथरुणाशेजारी ठेवावा, कारण आईपासून नुकत्याच तुटलेल्या पिल्लाला माणसाच्या श्वासाचाही आधार वाटतो. रागाच्या भरात, चप्पल फाडल्याची शिक्षा म्हणून, त्याला आत मुळीच कोंडू नये. पिल्लू मध्यरात्री कुरकुरू लागले, तर उठून त्याला अंगणात न्यावे. झोपमोड होईल, पण कुत्रा पाळावयाचा म्हटल्यावर तेवढे आलेच.

सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत पिल्लू बहुधा घराची रीत शिकलेले असते. तेव्हा पिंजऱ्याचे दार काढून ठेवावे. त्याला हवे असेल तर तो तेथेच झोपेल, नाही तर आजीच्या खाटेखाली आपली जागा शोधील. आणि गावच्या मोत्याची साखळी? सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर नातवाने तिच्या जागी दोरी हाती धरावी आणि त्याला जगबुडीच्या काठापर्यंत फिरवून आणावे. आजीची त्याला हरकत नाही. तिची अट एवढीच, की परत आल्यावर दोघांनीही पाय धुऊन ओटीवर यावे.